‘उत्पन्न कोणाचे?’ : दांपत्याचे कराधान आणि षष्ठीचा अर्थ

१

प्राप्तिकराच्या इतिहासाचा अभ्यास सामान्यतः अर्थशास्त्राच्या किंवा विधिशास्त्राच्या अंगाने केला जातो. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्या क्षेत्रात पाऊल टाकावे, याला काही समर्थन द्यावयास हवे. ते समर्थन असे की, पती व पत्नी यांनी कराचे विवरणपत्र एकत्र भरावे की वेगवेगळे, हा प्रश्न अमेरिकेत निर्माण झाला तेव्हा त्याचा निर्णय एका संबंधवाचक अव्ययाच्या अर्थावर झाला. ते अव्यय म्हणजे इंग्रजीतील ‘ऑफ’. आपल्या व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर षष्ठी. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा अमेरिकेतील इतिहास, मुख्यतः १९१३ ते १९६९ या काळातील, मांडावयाचा आहे. त्यावरून जे अनुमान निघते त्याला गोमंतकातून मिळणारी पुष्टी शेवटी नमूद केली आहे.

षष्ठीने दाखविला जाणारा संबंध एकाच प्रकारचा नसतो, हे व्याकरणाच्या विद्यार्थ्यास ठाऊक आहेच. पाणिनीने षष्ठीचा विनियोग इतर कारकांच्या अर्थांत न सामावणाऱ्या ‘शेष’ संबंधांसाठी सांगितला आहे, आणि मराठीतील ‘चा-ची-चे’ हे प्रत्ययही तितकेच व्यापक आहेत. ‘शिक्षकाचा पगार’ म्हणताना कमावणारा अभिप्रेत असतो. ‘घराचे भाडे’ म्हणताना उत्पन्नाचे उगमस्थान. ‘बँकेचे व्याज’ म्हणताना देणारा. आणि ‘मुलाचे पैसे’ म्हणताना कधी मालक, तर कधी ज्याच्यासाठी ते राखून ठेवले तो. व्यवहारात संदर्भामुळे अर्थ स्पष्ट होतो. परंतु ‘प्रत्येक व्यक्तीच्या उत्पन्नावर कर’ असे जेव्हा विधिमंडळ लिहिते, तेव्हा त्या ‘च्या’चा नेमका अर्थ ठरविण्याचे काम कोणाला तरी करावेच लागते. कमावणारा, मालक, ताबा असणारा आणि उपभोग घेणारा हे चौघे एकच असतील तर प्रश्न उद्भवत नाही. विवाहात हे चौघे पुष्कळदा एक नसतात.

२

अमेरिकेच्या राज्यघटनेची सोळावी दुरुस्ती १९१३ मध्ये संमत झाली आणि त्याच वर्षी संघराज्याचा प्राप्तिकर सुरू झाला. या कराचा घटक व्यक्ती हा होता. आरंभीचे दर १ ते ७ टक्क्यांपर्यंतच होते. त्यामुळे घरातील उत्पन्न कोणाच्या नावावर दाखविले जाते, याला फारसे महत्त्व नव्हते. पहिल्या महायुद्धाने ही स्थिती पालटली. १९१८ मध्ये सर्वोच्च दर ७७ टक्क्यांवर गेला. त्याच वर्षाच्या कायद्याने पतिपत्नींना इच्छा असल्यास एकच संयुक्त विवरणपत्र भरण्याची मुभा दिली. तथापि या संयुक्त विवरणपत्राला दरांचा निराळा तक्ता नव्हता. दोघांची उत्पन्ने बेरजेने एकत्र करून त्यावर एका व्यक्तीचाच दर लावला जाई. साहजिकच, दोघांनाही बरेच उत्पन्न असल्यास एकत्र भरणे तोट्याचे ठरे. एकाच्या वजावटीचा उपयोग दुसऱ्याच्या उत्पन्नाला होत असेल तेवढाच काय तो लाभ.

दर क्रमाने चढत जाऊ लागले की उत्पन्नाची विभागणी मोलाची ठरते. एक काल्पनिक तक्ता घेऊन हे स्पष्ट करता येईल. पहिल्या १,००० डॉलरवर १० टक्के आणि त्यापुढील रकमेवर ३० टक्के कर आहे, असे समजू. २,००० डॉलर मिळविणाऱ्या एका व्यक्तीचा कर १०० अधिक ३००, म्हणजे ४०० डॉलर होतो. हेच उत्पन्न पतिपत्नींच्या नावे १,००० व १,००० असे विभागले गेले, तर प्रत्येकी १०० प्रमाणे एकूण २०० डॉलर भरावे लागतात. घर तेच, खर्च तोच, उत्पन्नही तेवढेच; केवळ षष्ठीचा प्रत्यय एका नावाऐवजी दोन नावांना लावल्याने कर निम्म्यावर येतो. असा लाभ दिसत असताना लोकांनी तो घेण्याचा प्रयत्न केला नसता तरच नवल.

३

१९३० या एकाच वर्षात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर दोन महत्त्वाचे निर्णय दिले. दोन्ही निर्णय शेजारी ठेवून वाचल्यास वर मांडलेला प्रश्न स्पष्टपणे दिसतो.

पहिला निर्णय मार्चमधील, ‘लुकस विरुद्ध अर्ल’ या खटल्यातील होय. कॅलिफोर्नियातील वकील गाय अर्ल यांनी १९०१ मध्ये आपल्या पत्नीशी असा करार केला होता की, दोघांपैकी कोणीही जे काही मिळवील, त्यात वेतन व शुल्कही आले, ते दोघांच्या सामाईक मालकीचे राहील. करार प्राप्तिकरापूर्वी बारा वर्षे झाला असल्यामुळे तो कर चुकविण्यासाठी केला, असा आरोप करण्यास जागा नव्हती. १९२० व १९२१ या वर्षांची कमाई निम्मी आपली व निम्मी पत्नीची मानावी, एवढीच अर्ल यांची मागणी होती. न्यायमूर्ती होम्स यांनी ती अमान्य केली. करार वैध असेल, परंतु कमाईवरील कर कमावणाऱ्यावरच बसला पाहिजे. फळे ज्या झाडाला लागली त्याखेरीज दुसऱ्या झाडाची ती मानता येणार नाहीत, अशा आशयाचे रूपक त्यांनी योजले, आणि अमेरिकेच्या करविषयक वाङ्मयात ते रूढ झाले. येथे ‘कोणाचे?’ याचे उत्तर ‘कमावणाऱ्याचे’ असे मिळाले.

दुसरा निर्णय त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमधील, ‘पो विरुद्ध सीबोर्न’ या खटल्यातील. वॉशिंग्टन राज्यातील सीबोर्न दांपत्याने १९२७ या वर्षाचे उत्पन्न निम्मे-निम्मे करून दोन स्वतंत्र विवरणपत्रे भरली होती. या उत्पन्नात पतीचे वेतन होते, तसेच व्याज, लाभांश आणि मालमत्तेच्या विक्रीचा नफाही होता. वॉशिंग्टनमध्ये वैवाहिक मालमत्तेचा सामाईक मालकीचा कायदा प्रचलित होता. विवाहानंतर दोघांपैकी कोणीही मिळविलेले धन या कायद्याप्रमाणे प्रथमपासूनच दोघांचे असते. अशी पद्धती त्या वेळी आठ राज्यांत होती : ॲरिझोना, कॅलिफोर्निया, आयडाहो, लुइझियाना, नेवाडा, न्यू मेक्सिको, टेक्सस आणि वॉशिंग्टन. तिचा उगम प्रामुख्याने स्पॅनिश विधिपरंपरेत व लुइझियानात फ्रेंच परंपरेतही आहे. उरलेल्या चाळीस राज्यांत इंग्लंडहून आलेली परंपरा होती आणि तीत ज्याची कमाई त्याची मालकी, हा नियम होता.

सरकारचा युक्तिवाद असा होता की, सामाईक मालमत्तेचा सर्व कारभार पतीच्या हाती असल्यामुळे वस्तुतः तोच मालक होय. न्यायालयाने तो मानला नाही. कायद्यात ‘प्रत्येक व्यक्तीचे निव्वळ उत्पन्न’ एवढेच शब्द आहेत, त्यांतील ‘ऑफ’ हे अव्यय स्वामित्व दर्शविते, आणि विधिमंडळाने अधिक व्याख्या केलेली नसताना त्याचा अर्थ त्यापलीकडे ताणता येणार नाही, असे न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी लिहिले. पती हा कारभारी आहे, परंतु सामाईक धनाचा प्रतिनिधी या नात्याने.

हा दुसरा मुद्दा भारतीय वाचकास समजावून देण्याची गरज नाही. हिंदू अविभक्त कुटुंबाचा ‘कर्ता’ असाच असतो. व्यवहार त्याच्या नावाने होतात, सही त्याची असते. परंतु कुटुंबाचे धन म्हणजे त्याचे एकट्याचे धन नव्हे. व्याकरणात कर्ता तो की जो क्रियेच्या बाबतीत स्वतंत्र असतो. धर्मशास्त्रातून आलेल्या व्यवहारात मात्र त्याच शब्दाने ज्याचे स्वातंत्र्य इतरांच्या हक्काने मर्यादित आहे अशा माणसाचा बोध होतो. क्रियेचा कर्ता आणि धनाचा स्वामी हे दोन निराळे असू शकतात. सीबोर्न खटल्याचे सार एवढेच आहे.

अशा रीतीने एकाच वर्षी, एकाच न्यायालयात, एकाच कायद्यातील षष्ठीला दोन अर्थ मिळाले. अर्ल खटल्यात ती कमाई दर्शविते, तर सीबोर्न खटल्यात स्वामित्व. दोहोंत तर्कदृष्ट्या विरोध नाही, असे म्हणता येते. अर्ल यांची कमाई प्रथम त्यांची झाली व नंतर कराराने वाटली गेली. सीबोर्न यांची कमाई कायद्यानेच क्षणभरही एकट्याची झाली नाही. तथापि सामान्य करदात्याला याचा अनुभव असा आला की, सारखेच उत्पन्न असलेल्या दोन कुटुंबांपैकी सिॲटल येथील कुटुंब कमी कर भरी आणि न्यूयॉर्क येथील जास्त. संघराज्याच्या कराचे ओझे राज्याच्या मालमत्ता-कायद्यावर अवलंबून राहिले.

४

यानंतरची अठरा वर्षे ही विषमता दूर करण्याच्या प्रयत्नांत गेली. पहिला उपाय सक्तीने एकत्र आकारणी करण्याचा. विस्कॉन्सिन राज्याने आपल्या करासाठी पतिपत्नींच्या उत्पन्नांची बेरीज करून पतीवर आकारणी करण्याचा नियम केला होता; १९३१ मध्ये ‘होपर’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. एकाचा कर दुसऱ्याच्या उत्पन्नाने मोजता येणार नाही, असा त्याचा आशय होता. १९४१ मध्ये सक्तीच्या संयुक्त विवरणपत्राचा प्रस्ताव प्रतिनिधिगृहापुढे आला, पण तोही नामंजूर झाला. स्वतःचे धन स्वतःच्या नावे राखण्याचा विवाहित स्त्रियांचा हक्क एकोणिसाव्या शतकात निरनिराळ्या राज्यांच्या कायद्यांनी मोठ्या प्रयासाने प्रस्थापित झाला होता. पत्नीचे उत्पन्न पतीच्या उत्पन्नात मिळविणे म्हणजे त्याला बाधा आणणे, अशी भावना या विरोधामागे होती.

ही भीती निराधार नव्हती. ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून पतीसमवेत राहणाऱ्या पत्नीचे उत्पन्न हे करासाठी पतीचेच उत्पन्न ‘मानले’ जात असे. ही पद्धती १९९० च्या एप्रिलपर्यंत टिकली. यावरून एक भेद लक्षात येतो. ‘एकत्र’ या एकाच शब्दाखाली दोन भिन्न क्रिया लपलेल्या आहेत. एकीत दोन उत्पन्ने एकात विलीन होतात; दुसरीत ती एकत्र करून पुन्हा समान वाटली जातात. पहिलीने कर वाढतो, दुसरीने तो घटतो. पहिलीत पत्नीचे नाव पुसले जाते, दुसरीत, निदान कागदावर, ते पतीच्या बरोबरीने येते. पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये घटना-न्यायालयाने पहिल्या प्रकारची सक्तीची बेरीज विवाहसंस्थेच्या घटनात्मक संरक्षणाशी विसंगत ठरविली व त्यानंतर १९५८ मध्ये दुसऱ्या प्रकारची विभागणी तेथे आली.

दुसरा उपाय राज्यांनी शोधला, आणि तो या इतिहासातील सर्वांत उद्बोधक भाग आहे. आपल्या नागरिकांना सीबोर्न निर्णयाचा लाभ मिळावा म्हणून ती राज्ये आपला मालमत्ता-कायदाच बदलू लागली. ओक्लाहोमाने १९३९ मध्ये सामाईक मालकीची पद्धती ऐच्छिक स्वरूपात स्वीकारली. १९४४ मध्ये ‘हार्मन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जी सामाईक मालकी पतिपत्नींनी स्वेच्छेने पत्करली ती कायद्याने लादलेली नव्हे. ती अर्ल यांच्या कराराच्याच जातीची आहे. म्हणजे निवडीचे स्वातंत्र्य देताच लाभ नाहीसा झाला. म्हणून ओक्लाहोमाने १९४५ मध्ये हीच पद्धती सक्तीची केली. त्याच वर्षी हवाई प्रदेशाने आणि १९४७ मध्ये ओरेगन, नेब्रास्का, मिशिगन व पेनसिल्व्हेनिया यांनी तोच मार्ग धरला. पेनसिल्व्हेनियाचा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला. युद्धकाळात सर्वोच्च दर ९४ टक्क्यांपर्यंत चढला होता आणि कराची व्याप्ती सामान्य पगारदारांपर्यंत पोहोचली होती, हे ध्यानात घेतल्यास ही धावपळ समजते. पत्नीला पतीच्या कमाईत निम्मी मालकी मिळावी ही मागणी न्यायाच्या भूमिकेवरून मान्य न करणारी विधिमंडळे कर वाचविण्यासाठी ती एका अधिवेशनात मान्य करीत होती.

ही मालकी किती मनापासून दिली होती, याची परीक्षा लवकरच झाली. २ एप्रिल १९४८ रोजी अध्यक्ष ट्रूमन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने नवा करकायदा संमत केला. या कायद्याने सर्व राज्यांतील विवाहितांना संयुक्त विवरणपत्रात आपले एकत्रित उत्पन्न निम्मे-निम्मे मानून कर काढण्याची सवलत दिली. आता लाभासाठी प्रत्यक्ष मालकीची आवश्यकता राहिली नाही. त्याबरोबर ओक्लाहोमा, हवाई, ओरेगन, नेब्रास्का व मिशिगन यांनी आपापले नवे कायदे मागे घेतले. पत्नीला दिलेले अर्धे स्वामित्व करसवलतीबरोबर आले होते. सवलत निराळ्या वाटेने मिळताच ते परत गेले.

५

१९४८ च्या कायद्याने ‘उत्पन्न कोणाचे?’ या प्रश्नाचे उत्तर दिले असे म्हणता येणार नाही. त्याने तो प्रश्न विचारण्याची गरज विवाहितांपुरती दूर केली. परंतु त्यातून तीन नवे प्रश्न उभे राहिले.

पहिला प्रश्न दुसऱ्या कमाईचा. आपल्या काल्पनिक तक्त्यात २,००० डॉलर मिळविणारा पती व कमाई नसलेली पत्नी यांचा विभागणीनंतरचा कर २०० डॉलर आहे. पत्नीने नोकरी धरून ५०० डॉलर मिळविले, तर पृथक् आकारणीत तिच्यावर १० टक्क्यांप्रमाणे ५० डॉलर कर बसेल. संयुक्त विवरणपत्रात प्रत्येकाचे उत्पन्न १,२५० होऊन प्रत्येकी १७५, म्हणजे एकूण ३५० डॉलर द्यावे लागतील. घरावरील वाढ १५० डॉलरची झाली. पत्नीच्या पहिल्या डॉलरवरच ३० टक्के कर बसला. पतीची कमाई गृहीत धरलेली आणि पत्नीची तीवर वाढविलेली, अशा हिशेबात स्त्रीने काम करावे की नाही, हा निर्णय कराच्या तक्त्याशी बांधला जातो. १९८१ च्या कायद्याने दुसऱ्या कमाईवर काही वजावट दिली होती, ती १९८६ मध्ये काढून घेण्यात आली.

दुसरा प्रश्न अविवाहितांचा. विभागणीचा लाभ विवाहितांनाच असल्यामुळे एकट्या व्यक्तीवर तुलनेने अधिक कर बसू लागला. १९६९ च्या सुधारणेने अविवाहितांसाठी निराळा तक्ता करून त्यांचा कर तेवढ्याच उत्पन्नाच्या दांपत्याच्या करापेक्षा २० टक्क्यांहून अधिक होणार नाही, अशी व्यवस्था केली. ती १९७१ पासून अमलात आली. परिणाम असा झाला की, जवळजवळ सारखी कमाई असणाऱ्या दोन व्यक्तींनी विवाह केल्यास त्यांचा एकूण कर वाढू लागला. १९७० च्या दशकात मेरीलँडमधील एका दांपत्याने वर्ष संपण्यापूर्वी परदेशी जाऊन घटस्फोट घ्यावा आणि जानेवारीत पुन्हा विवाह करावा, असा क्रम दोनदा केला. तो वाद न्यायालयापर्यंत गेला.

याचे मूळ विधिमंडळाच्या अनास्थेत नसून गणितात आहे. सारख्या उत्पन्नाच्या दांपत्यांना सारखा कर असावा. विवाहाने कोणाचाही कर बदलू नये. आणि दर क्रमाने चढते असावेत : या तीन इच्छा एकाच वेळी पूर्ण होऊ शकत नाहीत. वरील तक्त्यात प्रत्येकी १,००० मिळविणाऱ्या दोन अविवाहितांचा एकूण कर २०० आहे. २,००० मिळविणारी एक व्यक्ती व काहीच न मिळविणारी दुसरी यांचा ४००. या दोन्ही जोड्यांनी विवाह केल्यावर दोघींना सारखाच कर हवा असेल, तर निदान एकीचा कर विवाहामुळे बदललाच पाहिजे. कोणत्या इच्छेचा त्याग करावयाचा, हे प्रत्येक राष्ट्राने ठरवावयाचे असते.

तिसरा प्रश्न दायित्वाचा, आणि तो सर्वांत कमी चर्चिला जातो. संयुक्त विवरणपत्रावर सही करणाऱ्या दोघांपैकी प्रत्येकजण संपूर्ण कराला जबाबदार असतो, असा नियम १९३८ मध्ये अमेरिकेच्या कायद्यात स्पष्टपणे आला. पतीने दडविलेल्या उत्पन्नाचा कर, घटस्फोटानंतरही, पत्नीकडून वसूल होऊ शकतो. उत्पन्नाच्या बाबतीत ‘दोघांचे’ म्हणजे निम्मे-निम्मे. कर्जाच्या बाबतीत मात्र ‘दोघांचे’ म्हणजे प्रत्येकाचे पूर्ण. निर्दोष जोडीदाराला यातून सूट देण्याची तरतूद १९७१ मध्ये झाली व १९९८ मध्ये ती अधिक व्यापक करण्यात आली. विवाहितांना पृथक् विवरणपत्र भरण्याचा विकल्प अमेरिकेत आजही आहे. त्यात बहुधा कर अधिक पडतो आणि काही सवलती गमवाव्या लागतात. तथापि दुसऱ्याच्या हिशेबावर ज्याचा विश्वास नाही, त्याला तेवढे एकच संरक्षण असते. पृथक् भरलेले विवरणपत्र तीन वर्षांच्या आत संयुक्त करता येते. संयुक्त भरलेले मात्र मुदत उलटल्यावर पृथक् करता येत नाही. विकल्पाचे दार एकाच दिशेने उघडते.

६

भारतात पतिपत्नींसाठी संयुक्त विवरणपत्राची पद्धती नाही. १९२२ च्या कायद्याने व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंब हे निरनिराळे करदाते मानले. दांपत्याला तसे स्थान दिले नाही. पत्नीच्या नावे उत्पन्न वळविले जाऊ नये यासाठी १९३७ मध्ये कलम १६(३) घालण्यात आले आणि विशिष्ट प्रसंगी पत्नीचे व अज्ञान मुलांचे उत्पन्न ‘अशा व्यक्तीच्या’ उत्पन्नात मिळविण्याची तरतूद झाली. या ‘व्यक्ती’त स्त्रीचा अंतर्भाव होतो काय, हा प्रश्न १९५७ मध्ये ‘सोद्रा देवी’ खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला, आणि त्या कलमापुरता तो शब्द पुरुषवाचकच आहे असा निर्णय झाला. १९६१ च्या कायद्याच्या कलम ६४ मध्ये पती व पत्नी दोहोंना लागू पडणारा शब्द योजला गेला. म्हणजे येथेही वाद शेवटी एका पदाच्या अर्थाचाच होता.

या सर्व इतिहासाचे एका वाक्यात सार सांगणारी तरतूद मात्र गोमंतकाच्या संदर्भात आढळते. तेथे पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली, पतिपत्नींच्या मालमत्तेच्या सामाईक मालकीची पद्धती आजही चालू आहे. वॉशिंग्टन वा टेक्सस येथील पद्धतीशी तिचे नाते आयबेरियन विधिपरंपरेतून जडलेले आहे, आणि म्हणून सीबोर्न खटल्यातील प्रश्न येथेही उत्पन्न झाला. १९९४ च्या वित्त अधिनियमाने १९६१ च्या कायद्यात कलम ५अ घालून, १ एप्रिल १९६३ पासून पूर्वलक्षी प्रभावाने, अशा दांपत्याचे उत्पन्न पती व पत्नी यांच्यात समान वाटून प्रत्येकावर स्वतंत्र आकारणी करावी असे ठरविले. परंतु वेतनाचा त्याला अपवाद केला : वेतन ज्याने मिळविले त्याच्याच उत्पन्नात ते धरले जाते. (या कलमात संहितेचे वर्ष १८६० असे दिले आहे; वस्तुतः ती संहिता १८६७ ची होय.)

या अपवादाकडे नीट पाहावे. घरभाडे, व्याज, व्यापारी नफा यांच्या बाबतीत येथे सीबोर्न खटल्याचा अर्थ स्वीकारला आहे. वेतनाच्या बाबतीत अर्ल खटल्याचा. अमेरिकेत १९३० मध्ये ज्या दोन अर्थांनी राज्याराज्यांत विषमता निर्माण केली, ते दोन्ही अर्थ या कलमात एकाच दांपत्याच्या उत्पन्नाच्या निरनिराळ्या शीर्षकांखाली नांदत आहेत. मालमत्तेला ‘चे’ स्वामित्वाने लागते, श्रमाला कमाईने. गोमंतकातील नागरी कायद्यानुसार मात्र विवाहानंतरचे वेतनही सामाईक धनातच जमा होते. म्हणजे पगार हाती येताच दोघांचा होतो, पण कर भरीपर्यंत तो एकाचाच राहतो.

यावरून निघणारे अनुमान मर्यादित आहे, परंतु ते निश्चित आहे. एकत्र की पृथक्, हा विकल्प करदात्यापुढे गणिताच्या रूपाने येतो, आणि व्यवहारात त्याने तो गणितानेच सोडवावा हे योग्यही आहे. परंतु ते गणित मांडण्यापूर्वी कायद्याने षष्ठीचा एक अर्थ निवडलेला असतो, आणि त्या निवडीत पत्नीच्या कमाईचे मोल, तिचे स्वामित्व व तिच्या सहीचे उत्तरदायित्व ही तिन्ही ठरून जातात. १९३९ ते १९४८ या काळातील अमेरिकन राज्यांचा अनुभव असा की, कराच्या सोयीसाठी दिलेला अर्थ सोय संपताच काढून घेतला जातो. म्हणून विवाहातील धन कोणाचे, हा प्रश्न मालमत्तेच्या कायद्याने स्वतःच्या न्यायबुद्धीने आधी सोडवावा, आणि करकायद्याने ते उत्तर, आपल्या सोयीचे अपवाद न करता, स्वीकारावे. गोमंतकातील वेतनाचा अपवाद या कसोटीवर पुन्हा तपासून पाहण्यासारखा आहे.